पाटावरचं पिस्तूल

समोरच्या घरातल्या मिसेस हार्लननी अ‍ॅपल पाय दिला होता, त्याची डिश परत द्यायची, एवढंच काम होतं. पण आईच्या हातून रिकामं भांडं कधी परत जात नाही. म्हणून नेत्रानं डिश शंकरपाळ्यांनी भरली, वर फॉइल लावलं आणि रस्ता ओलांडून ती पलीकडच्या पोर्चवर जाऊन उभी राहिली. बेल दाबायच्या आधी तिनं मनातल्या मनात वाक्य घोकून घेतलं. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची, आणि हायस्कूलमध्ये गेल्यावरही त्यात काही फरक पडला नव्हता.

ऑक्टोबर लागला होता, तरी टेक्सासमधल्या शुगर लँडची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटत होती. मेक्सिकोच्या आखातात वादळ होतं. आभाळ पिवळट झालं होतं आणि झाडाचं एक पानही हलत नव्हतं.

मिसेस हार्लननी डिश घेतली, शंकरपाळ्यांचा वास घेतला, हसल्या. मग त्यांची नजर नेत्राच्या खांद्यावरून पलीकडे गेली, नेत्राच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे.

"हनी, तुझ्या आईवडिलांना मी कधी विचारलं नाही," त्या त्यांच्या संथ टेक्सासी इंग्रजीत म्हणाल्या. "तुमच्या घरात बंदूक नाही ना?"

"नो, मॅम," नेत्रा म्हणाली. खोटं बोलताना तिचे कान तापले.

"बरं झालं. त्या घरात नकोच ती. तुमच्या आधी तिथं राहायचे ना, त्यांचा मुलगा तुमच्या छोट्याएवढाच होता. दिवसभर पोर्चवर गोट्या खेळायचा."

"होता?" नेत्राच्या तोंडून निघून गेलं.

"होता," मिसेस हार्लन म्हणाल्या आणि त्यांनी दार हळूच लावून घेतलं.

नेत्रा जवळजवळ धावतच घरी आली. तिला भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त तिला आतून उत्सुकतेचं भरतं आलं होतं. कारण मार्चमध्ये या घरात राहायला आल्यापासून एक आवाज तिला ऐकू यायचा. वरच्या मजल्यावर काहीतरी छोटं, टणक, लाकडी जमिनीवरून घरंगळत जायचं आणि भिंतीला लागून थांबायचं. बाबा म्हणायचे, एसीचा डक्ट आहे. आई म्हणायची, पाइप असेल. वर सगळीकडे जाड कार्पेट आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

घरात शिरताच उदबत्तीचा आणि झेंडूचा वास आला. त्याखाली आणखी एक वास होता, शिवणयंत्रात घालतात तसल्या तेलाचा.

त्या दिवशी खंडेनवमी होती. एरवी देवाला हात जोडायलाही वेळ नसलेले बाबा वर्षातून हा एक दिवस मात्र जोरात पाळायचे. नागपूरला त्यांच्या घरी पाटावर तलवार ठेवायचे, म्हणून अमेरिकेत आल्यापासून दिवाणखान्यात पाट मांडला जायचा आणि त्यावर बाबांचा लॅपटॉप, आईची सुरी, गाडीच्या किल्ल्या, धाकट्या भावाच्या, कुशच्या रंगपेट्या असं सगळं मांडलं जायचं. पाटाभोवती नेत्रा रांगोळी काढायची. या वर्षी मधोमध एक नवी वस्तू होती. काळी, जड, फुलाखाली अर्धी झाकलेली.

मागच्या गल्लीत देसी लोकांच्या दोन घरांत भरदिवसा चोऱ्या झाल्या होत्या. आपल्या घरांत सोनं असतं, हे चोरांनाही कळलं होतं. त्यानंतर बाबांनी पिस्तूल घेतलं आणि तेव्हापासून घरात एकच वाद चालू होता.

"गोळ्या काढून ठेव, विनय," आई म्हणत होती. ती स्क्रब्ज घालून तयार होती. हॉस्पिटलच्या फार्मसीत तिला शनिवारीही ड्यूटी होती. "पूजा कर, काय हवं ते कर. पण भरलेलं नको."

"अगं, तू रिकामी डिश परत देत नाहीस. आणि मी शस्त्र रिकामं पुजू?"

"शंकरपाळ्यांनी कोणी मरत नाही."

"चोर काय फोन करून येतो का, रुपाली? लॉक उघडा, गोळ्या शोधा, भरा... तोवर तो बेडरूममध्ये."

"आणि कुश? तो फोन करून जातो का तुझ्या ड्रॉवरपाशी?"

बाबांनी गोळ्यांचं मॅगझिन पिस्तुलात ढकललं. खट् असा आवाज झाला. तो आवाज ऐकून नेत्राच्या पाठीतून वीज गेल्यासारखं झालं आणि तिची तिलाच लाज वाटली, कारण तो तिला आवडला होता.

"एक दिवसाचा प्रश्न आहे," बाबा कुंकू लावत म्हणाले. "उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की लगेच उचलतो. तोपर्यंत पाटावरचं काही हलवायचं नसतं, हे तुलाही माहीत आहे."

आईला ते माहीत होतं, म्हणून तर तिला जास्त राग आला. ती किल्ल्यांसाठी पाटाकडे वळली आणि थबकली. पाटावरचं हलवायचं नसतं! शेवटी दुसरी किल्ली ड्रॉवरमधून काढून, दार आपटून ती निघून गेली.

वर काहीतरी घरंगळलं आणि भिंतीला लागून थांबलं.

दुपारनंतर वादळ आलं. पाऊस उभा नव्हे, आडवा पडत होता. संध्याकाळ व्हायच्या आतच अंधारलं आणि मग आईचा फोन आला. ड्यूटी संपवून निघाली होती, पण पुलाखाली पाणी भरलं होतं, गाडी बंद पडली होती.

बाबांनी बूट घातले. दारात उभं राहून त्यांनी एकदा पाटाकडे पाहिलं, एकदा सोफ्यावर झोपलेल्या कुशकडे. क्षणभर नेत्राला वाटलं, आता ते पिस्तूल उचलून कुलपात ठेवतील. पण ते म्हणाले, "तू मोठी आहेस. हात लावायचा नाही. त्यालाही लावू द्यायचा नाही. मी गेलो आणि आलो."

त्यांचा पिकअप ट्रक पाण्यातून फस्स करत गेला. नेत्रा घराची मालकीण झाली. तिचं हृदय इतकं जोरात उडत होतं की तिला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या भरवशावर काहीतरी सोडून गेलं होतं.

आणि तेवढ्यात वीज गेली.

फ्रिजची घरघर थांबली, एसी थांबला. अंधारात फक्त पाटापुढची समई जळत होती. फोनची बॅटरी संपत आली होती, म्हणून मेणबत्ती शोधायला नेत्रा किचनमध्ये गेली. ड्रॉवर उघडले, खाली चाचपडली. मेणबत्ती काही मिळाली नाही. ती परत आली तेव्हा सोफ्यावरचं लाल ब्लँकेट तसंच फुगलेलं होतं. कुश डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपला होता. ती त्याच्याशेजारी पाय जवळ घेऊन बसली.

वर आवाज झाला.

नेहमीसारखाच. टणक, छोटा, घरंगळणारा. पण आज तो भिंतीला लागून थांबला नाही. जिन्याच्या तोंडाशी आला, आणि मग पायरीवर पडला.

टक.

थोडं थांबून खालच्या पायरीवर.

टक...

जिन्यावरही कार्पेट होतं. नेत्रानं श्वास धरला. आवाज एकेक पायरी खाली आला, सोफ्याच्या मागून गेला आणि तिथंच थांबला. दिवाणखान्यात तेलाचा वास एकदम दाट झाला.

शेजारी ब्लँकेट हललं.

"कुश... जागा आहेस?" तिनं कुजबुजत विचारलं आणि डावा हात पांघरुणाखाली घातला. एका छोट्या हातानं तिचं बोट धरलं, घट्ट. हात गार होता. वीज जाऊन इतका उकाडा झाला असताना तो इतका गार कसा, असं तिच्या मनात आलं. पण त्या हातानं तिला धीर आला, हेही खरं. कुश इथं आहे, माझ्यापाशी आहे.

तेव्हाच गॅरेजमध्ये काहीतरी पडलं.

मग पावलं, ओली, फतक् फतक् वाजणारी. गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराची मूठ फिरली. एकदा... पुन्हा एकदा...

"बाबा?" नेत्रा म्हणाली. "हू... हू इज इट?"

दार उघडलं. समईच्या उजेडाच्या पलीकडे एक आकृती उभी राहिली. डोकं भलंमोठं होतं आणि पाठीवर काहीतरी टोकदार उभं होतं. अंधारात ती केवढी उंच आहे, हे कळत नव्हतं. ती जोरजोरात श्वास घेत होती.

चोर काय फोन करून येतो का?

नेत्राचा उजवा हात सोफ्याला लागूनच मांडलेल्या पाटाकडे गेला. झेंडूचं फूल खाली पडलं. पिस्तूल तिला वाटलं होतं त्याहून जड होतं आणि कुंकवानं किंचित ओलसर लागत होतं. मजा म्हणजे, तिचा हात थरथरत नव्हता. अंगातली सगळी भीती त्या एका बोटात गोळा झाली होती. डाव्या हाताच्या बोटाभोवतीची छोटी मूठ आणखी घट्ट आवळली. भाऊ माझ्यामागे आहे. हा आणखी एक पाऊल पुढे आला तर...

आकृतीनं एक पाऊल पुढे टाकलं.

नेत्रानं चाप ओढला.

टक.

एवढंच. बाकी काही झालं नाही. पाऊस तसाच पडत होता.

"रॉऽऽर!" आकृती ओरडली आणि मग हिरमुसून म्हणाली, "ताई! यू डिडन्ट इवन स्क्रीम!"

समईच्या उजेडात कुश आला. डोक्यावर हॅलोवीनसाठी आणलेल्या डायनासोरचं भलंमोठं डोकं, पाठीवर फोमचे काटे, पायांत बाबांचे जुने गमबूट, गॅरेजमध्ये शिरलेल्या पाण्यानं भिजलेले. "आय वोक अप अँड यू वर इन द किचन," तो सांगत होता. "सो आय हिड इन द गॅराज. वॉज आय स्केरी?"

नेत्रा त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या डाव्या हाताचं बोट अजून कोणीतरी धरलं होतं.

मग ती पकड सैल झाली. हळूहळू, एकेक बोट सोडत. ब्लँकेट खाली बसलं, आतली हवा निघून गेल्यासारखं.

कुशनं नाचत येऊन ते ओढलं. "व्हॉट आर दोज?"

सोफ्याच्या गादीवर पितळी गोळ्या होत्या. गोट्यांच्या डावात मांडतात तशा, गोल रिंगणात. प्रत्येकीला कुंकवाचं एक बोट लागलेलं होतं.

आई-बाबा आले तेव्हा वीज आली होती. आईनं त्या गोळ्या पाहिल्या आणि ती बाबांच्या गळ्यात पडली. "काढल्यास ना अखेर? मला नुसतं सांगायचंस तरी."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. "मला वाटलं, तू काढल्यास... जायच्या आधी."

"मी पाटाला हात तरी लावला का?"

दोघांनी नेत्राकडे पाहिलं. नेत्रा सहसा बोलायची नाही, पण त्या वेळी तिनं सगळं सांगितलं. चाप ओढला, हेसुद्धा. कुणावर, हेसुद्धा. आईनं कुशला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला. बाबा जमिनीवर बसले. मग त्यांचे खांदे हलू लागले. नेत्रानं बाबांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या उत्तरपूजा झाली की देऊन टाकतो," ते म्हणाले. "घरात नको."

ते गोळ्या उचलू लागले. एक हातातून निसटून किचनच्या टाइलवर पडली आणि घरंगळत जाऊन भिंतीला लागली. नेत्रानं मान वर करून छताकडे पाहिलं. मार्चपासून ती हाच आवाज ऐकत होती.

बाबांनी पुन्हा पुन्हा मोजलं. सोफ्याखाली पाहिलं, ब्लँकेट झटकलं, गादी उचलली. मी स्वतः भरलं होतं, ते म्हणत राहिले. एक गोळी कमी भरत होती.

दसऱ्याची सकाळ लख्ख उजाडली. रस्त्यावर फांद्या पडल्या होत्या, मिसेस हार्लन त्यांच्या पोर्चवरचं पाणी झाडत होत्या. बाबांनी पाटावर अक्षता टाकल्या आणि रिकामं पिस्तूल एका डब्यात ठेवलं, दुकानात परत न्यायला. घरात इतकं हलकं वाटत होतं की आई गुणगुणत होती. कुश डायनासोरचं डोकं घालूनच हात जोडून उभा होता. चौघंही दिवाणखान्यात होते. वर कोणी नव्हतं.

"झालं," बाबा म्हणाले. "सुटलो."

तेवढ्यात वर आवाज झाला. सगळ्यांनी माना वर केल्या. या वेळी कोणी डक्ट म्हणालं नाही, कोणी पाइप म्हणालं नाही. काहीतरी छोटं, टणक, छतावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत गेलं. नेत्रा डोळे मिटून ऐकत होती. आता ते भिंतीला लागेल आणि थांबेल.

ते भिंतीला लागलं नाही. मधेच थांबलं, कारण समोरून दुसरं घरंगळत आलं होतं, आणि दोन्ही एकमेकांवर आपटली. टिक् असा आवाज झाला. पितळेवर पितळ.

आजवर तिथं एकच गोळी होती.