सिमेट्री लावायची नाही!

हातातल्या प्लास्टिकच्या मॉडेलकडे बघत बघत ती लॅबच्या कोपऱ्यावरून वळली आणि समोरून तो आला, बगलेत स्टूल घेऊन. धाडकन टक्कर! मॉडेल फरशीवर पडलं आणि त्याचे दोन तुकडे दोन दिशांना घरंगळले.

"अरेरे... लागलं का हो?"

"मला नाही. त्याला बघा आधी!"

त्याने दोन्ही तुकडे उचलले, उलटेसुलटे करून पाहिले. "हा एक वाकडा आलाय की! थ्रीडी प्रिंटर बिघडला असणार. द्या इकडे, सरळ छापून देतो."

झालं! त्या बिचाऱ्याला काय माहीत, की 'वाकडा' या एका शब्दावरून ती वर्षभर सगळ्या लॅबशी भांडत होती.

"वाकडा आलेला नाही. तो तसाच आहे!" ती फणकारली. "आणि तुम्ही कोण हो?"

"कॉम्प्युटरवाला. नवीन आलोय." मग मान बरीच वर करून तो म्हणाला, "तुम्ही... चांगल्याच उंच आहात."

"तुम्ही चांगलेच बुटके आहात."

"हो ना," तो हसला. "म्हणून तर स्टूल!"

आता ही सुरुवात प्रेमाची म्हणायची की भांडणाची, ते तुम्हीच ठरवा. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, उजव्याला नाही, हे मात्र तिने तेवढ्यातही टिपलं होतं.

ती प्रथिनांचे आकार शोधायची. तिचं प्रथिन जोडीने राहायचं. एकाच साच्यातून निघालेले दोन रेणू एकमेकांना धरून असतात, त्या जोडीला डायमर म्हणतात. मायक्रोस्कोपखाली त्यांचे ढीगभर फोटो काढून एकावर एक रचले, की आकार दिसू लागतो. त्यातही दोन्ही रेणू सारखेच धरून सरासरी काढली, की काम झटपट होतं. स्क्रीनवरच्या एका चौकोनात खूण केली की झालं. लॅबमध्ये याला 'सिमेट्री लावणे' म्हणत.

तिने एकदा ती खूण पुसून बघितली. दिसलं काय? एक रेणू ताठ उभा, आणि दुसऱ्याने मान वाकवून पहिल्याच्या खांद्याच्या खोबणीत टेकवलेली! सिमेट्री लावली, की ती मान धुरकट होऊन नाहीशीच व्हायची.

सरांना ते पटेना. "आकडेमोडीतला कचरा आहे तो. सिमेट्री लाव आणि मोकळी हो. सेमिनारमध्ये पुन्हा हेच दाखवलंस, तर तुझा विषय बदलेन." म्हणजे वर्षभराची मेहनत पाण्यात.

दोन-चार दिवसांनी कॉम्प्युटरवाला तिच्या टेबलापाशी आला. चेहरा पार पडलेला.

"मी जरा शहाणपणा केला. तुम्हाला न विचारता दोन्ही सरळ छापले. चुंबकही बसवले. पण..." त्याने दोन तुकडे एकमेकांना टेकवले आणि हात सोडले. टप्प! दोन्ही टेबलावर. "धरतच नाहीत एकमेकांना. कुणीतरी मान टेकवायला हवी ना..."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. त्याच क्षणी तो तिला आवडला, उगाच आढेवेढे कशाला घ्या?

मग स्टूल रोज तिच्या टेबलापाशी येऊ लागलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. लॅबवाल्यांनी नावं ठेवून टाकली — शिडी आणि स्टूल! तिला लहानाची मोठी करणारी आत्या मात्र घरी वेगळंच गाणं गात होती. "मुलगा तुझ्याहून चार बोटं तरी उंच हवा. जोडा शोभायला नको? आणि चालताना जरा वाकत जा गं!" आणि ती वाकत होती, शाळेपासून.

सेमिनारचा दिवस उजाडला. मागच्या रांगेत आत्या येऊन बसली, भाचीचं भाषण ऐकायला आणि भाची सारखी ज्याच्याबद्दल बोलते त्याला बघायला. तेवढ्यात दारातून टक्... टक्... आवाज आला. तो! पायात जाड टाचांचे नवेकोरे बूट. चक्क तिच्या हनुवटीपर्यंत आला होता.

"आत्या येणार म्हणालीस ना... म्हटलं, थोडं तरी..."

"म्हणजे तूसुद्धा सिमेट्री लावलीस?"

तिचा आवाज चिरकला. त्याचा चेहरा लालेलाल झाला. पण पुढे बोलायला वेळच नव्हता, तिचं नाव पुकारलं गेलं.

राग असा अंगात भरलेला, की भीतीला जागाच उरली नाही. पहिल्याच चित्राला सरांनी अडवलं. "सिमेट्री का लावली नाही?"

"कारण ते सारखे नाहीत, सर." तिने दोन सरळ तुकडे जोडून सोडले. टप्प! मग ताठ आणि वाकलेला जोडून सरांच्या हातात दिले. "आता हे ओढून बघा. एका साच्यातले असले, तरी उभे वेगवेगळे राहतात. बळेच सारखं केलं, की जोडीच सुटते. विषय बदलायचा तर खुशाल बदला. हे चित्र मी बदलणार नाही!"

सरांनी ओढलं. पुन्हा ओढलं. "नव्याने फोटो काढ," शेवटी ते पुटपुटले. "पुन्हा हेच दिसलं, तर... बघू." विषय बदलण्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

ती बाहेर आली, तर तो भिंतीशी उभा. पायात नुसते मोजे, बूट हातात.

"काढले," तो म्हणाला. "चावत होते... आणि खोटे होते. चुकलं माझं. पण लोक हसतील गं आपल्याला."

"हसू देत की! मला तू आवडतोस. आहेस तेवढाच. बोटभरही जास्त नको."

त्याने बूट खाली ठेवले. मग हळूच म्हणाला, "मलाही तू आवडतेस... सगळीच्या सगळी. म्हणजे बरीच झालीस."

ती खळखळून हसली. त्याने धीर करून मान कलती केली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. नेमकी तेवढ्यात आत्या बाहेर आली.

"अगं बाई! हाच का तो? अगं, तुझ्या खांद्याला तर लागतो हा!"

तो दचकून बाजूला होऊ लागला. तिने त्याचा दंड घट्ट धरून ठेवला आणि पाठ सरळ केली. आयुष्यात पहिल्यांदा ती आत्यासमोर पूर्ण उंचीने उभी राहिली.

"खांद्यालाच लागतो, आत्या. म्हणून तर बरोब्बर बसतो!"

आत्याने तिच्याकडे वर पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मोज्यांकडे.

"दुसरे बूट आहेत का, विचार त्याला," ती म्हणाली. "फरशी गार आहे."