बाहेरून लावायची कडी

हे खरं आहे. कुठे वाचलेलं नाही, मित्राच्या मित्राने सांगितलेलंही नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. मी सुतार माणूस, मोजून कापणारा. पदरचं घालून सांगायची मला सवय नाही आणि हौस तर त्याहून नाही.

तो शनिवार होता. संध्याकाळ.

पाऊस नव्हता. वादळ नव्हतं. लाइटही गेली नव्हती. भुताच्या गोष्टीत लागतं तसलं काहीच नव्हतं.

फक्त ते घर होतं. पुढे नदी, मागे तळं आणि मधे आम्ही तिघं. मी, बायको आणि आई.

आधी घराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी बरीच वर्षं लांबच्या शहरात फर्निचरच्या कारखान्यात होतो. आई आणि दादा इथे, या छोट्या गावात. दादाही सुतारच. वडील लवकर गेले, तेव्हा रंधा कसा धरायचा ते मला त्यानेच शिकवलं. बोट कापलं तर आधी शिवी द्यायचा, मग स्वतः पट्टी बांधायचा. माझ्यासाठी दादाचा शब्द म्हणजे विषय संपला.

एक दिवस त्याचा फोन आला.

"परत ये आता. तुझ्यासाठी घर बघितलंय. वहिनीच्या मामांचं आहे. पुढे नदी, मागे तळं. लोक असल्या जागेसाठी जीव टाकतात."

"आतून कसं आहे?"

"आत कधी गेलो नाही रे. रस्त्यावरूनच बघितलंय. पण बांधकाम दणकट दिसतंय. मी सांगतोय ना?"

तो सांगतोय ना. झालं. मी हो म्हणून मोकळा झालो.

बायको मात्र म्हणाली, "अहो, भाजी घेताना चार वेळा उलटीपालटी करता आणि घर न बघता घेताय?"

"दादाने बघितलंय."

"रस्त्यावरून!"

मी तिच्यावरच चिडलो. तेव्हा तिचं ऐकलं असतं तर... असो.

आम्ही राहायला आलो. घर खरंच छान होतं. सकाळी खिडकी उघडली की नदीचा वारा यायचा. आईसुद्धा आमच्याकडे राहायला आली. दादाच सोडून गेला तिला, पण फाटकापर्यंतच. मी म्हटलं, "आत तरी ये, चहा घे." तर म्हणाला, "साईटवर माणसं थांबलीत." आणि स्कूटर वळवून गेला.

पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही.

मागे तळ्याच्या बाजूला एक खोली होती. घरातली सगळ्यात चांगली. मोठी खिडकी, खाली पाणी. मी म्हटलं, आई, ही तुझी. ती दारातूनच मागे सरली.

"नको. मला पुढचीच बरी."

मला वाटलं, म्हातारं माणूस, ओल सोसत नसेल.

मग ती खोली मी कामाला घ्यायची ठरवली. आणि तेव्हा दाराकडे नीट लक्ष गेलं.

कडी बाहेरून होती.

आतून काहीच नाही. खुंटी नाही, साखळी नाही. फक्त बाहेरून एक जाड, लांब कडी. आता सुताराला अशी गोष्ट दिसली की हात शिवशिवतात. मला वाटलं, कुणीतरी नवशिक्याने दार उलटं बसवलंय. माणूस आत बसणार आणि कडी बाहेर? कुणी पोराने खोडी काढून कोंडलं तर?

मी ती कडी काढली आणि आतून बसवली.

काढताना एक गोष्ट दिसली होती. स्क्रू सगळे एका रेषेत होते, प्रत्येकाची चीर उभी. वडील तसंच बसवायचे. "काम संपल्यावर स्क्रूसुद्धा सरळ उभे राहिले पाहिजेत," म्हणायचे. मला गंमत वाटली. म्हटलं, गावात अजून कुणीतरी आहे बुवा आपल्यासारखा येडा.

आतल्या बाजूने मी चांगले लांब स्क्रू वापरले. चौकटीत पार खोलवर. हत्ती आला तरी हलू नये, असं काम केलं.

आई मागे येऊन उभी राहिली होती.

"कडी का काढलीस?"

"उलटी होती."

ती वळली. पुढच्या खोलीत जाऊन बसली आणि संध्याकाळी जेवलीही नाही. बायको म्हणाली, "आईंचं काहीतरी बिनसलंय." मी म्हटलं, दादाची आठवण येत असेल. ते खोटंही नव्हतं. रोज एकदा तरी विचारायची, "थोरला आला नाही का रे?" मी तिच्याजवळ बसलेला असायचो. पण विचारायची त्याचंच.

मग हळूहळू सुरू झालं.

आधी ते दार... आपोआप बंद होऊ लागलं. मी बिजागरी तपासली, दार लोंबत नव्हतं. ओलीने फुगलंही नव्हतं. ढकलून उघडलं तर सरळ उघडं राहायचं. पाठ वळली की बंद.

मग आवाज. कुणीतरी घोटभर पाणी प्यावं तसा. थांबून थांबून.

बायको म्हणाली, "तळ्याचं पाणी भिंतीला लागत असेल."

मी खिडकीतून खाली बघितलं. पाणी भिंतीपासून चांगलं लांब होतं. मधे कोरडा चिखल, त्यालाही भेगा गेलेल्या.

मी तिला काही सांगितलं नाही.

आणि मग तो शनिवार.

बायको तिच्या शिवणाच्या दुकानात होती. मी कामावरून आलो. पुढच्या खोलीत आई नव्हती. चपला जागेवर. चष्मा खाटेवर.

"आई?"

मागच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. आई हसत होती. कितीतरी दिवसांनी असं मोकळं हसत होती.

आणि तिच्याशी दादा बोलत होता.

आवाज दादाचाच. शब्दाच्या शेवटी जरा ओढून बोलण्याची त्याची सवय, ती खाकरण्याची लकब, सगळं तसंच. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, आला एकदाचा साहेब. मी आधी चहा टाकला. तीन कप काढले. मग मागे जाऊन दार वाजवलं.

"दादा, बाहेर ये की. चहा झालाय."

आतलं बोलणं थांबलं नाही. दार आतून बंद.

जरा गंमत करावी म्हणून मी त्याला फोन लावला. म्हटलं, खिशात वाजेल तेव्हा कळेल.

आत फोन वाजला नाही.

पण उचलला गेला.

"बोल," दादा म्हणाला. मागे लाकूड कापायचं मशीन ओरडत होतं. "साईटवर आहे. लवकर बोल."

एका कानात फोन, त्यात दादा.

दुसऱ्या कानात दार... त्यातही दादा.

"आई, ये ना," आतला दादा म्हणत होता. "ये खाली. मी धरतो तुला."

मी फोनमध्ये कसंबसं म्हटलं, "दादा... आई मागच्या खोलीत आहे. कुणीतरी बोलतंय तिच्याशी. तुझ्या आवाजात."

मशीन बंद झालं.

मग दादा म्हणाला, "बाहेरची कडी लावली नव्हतीस का?"

मी दाराकडे बघितलं.

आत कधी गेलो नाही, म्हणाला होता. रस्त्यावरूनच बघितलंय, म्हणाला होता. मग त्याला कडी कशी माहीत? मला एकदम ते उभ्या चिरांचे स्क्रू आठवले. आपल्यासारखा येडा म्हणे! ते त्याच्याच हातचं काम होतं.

"दार फोड!" दादा फोनवर ओरडला. "त्याला ओ देऊ नकोस. आधी दार फोड!"

मी फोन टाकला. घण आणला, पटाशी आणली. आणि मघाशी सांगितलं ना, हत्ती आला तरी हलू नये असं काम? माझंच काम मला हलेना. प्रत्येक घावाला मी स्वतःला शिव्या देत होतो. आत आईचा आवाज लांब लांब जात होता. खोली केवढीशी... पण आवाज मात्र खूप लांबून येत होता.

शेवटी फळी फुटली. हात घालून कडी ओढली.

आई खिडकीत बसली होती. पाय बाहेर. एक हात पुढे केलेला, कुणीतरी धरल्यासारखा.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी तिला कमरेला धरून आत ओढलं. ती हलकी फुलासारखी बाई, पण त्या वेळी ओढताना जीव निघाला माझा. पलीकडूनही ओढ होती. मग एकदम सुटली आणि आम्ही दोघं जमिनीवर पडलो.

तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. निथळत होती. आणि खाली तळं तसंच लांब, मधे कोरडा चिखल.

दादा आला. फाटकापाशीच उभा राहिला. मी आईला बाहेर आणून बसवलं आणि गेलो त्याच्याकडे.

"बोल."

तो खाली बघत बोलला. मी शहरात असताना हे घर वहिनीच्या मामांच्या नावावर त्यानेच घेतलं होतं. तो, वहिनी, त्याचं पोर, सगळे तिथे एक पावसाळा राहिले. मागच्या खोलीतून आवाज यायचा. जे माणूस येत नाही, ज्याची आपण वाट बघतो, त्याचा आवाज. वहिनीला तिच्या गेलेल्या वडिलांचा ऐकू यायचा. दादाने कडी ठोकली तेव्हा थांबलं. पण एकदा पोराने ती काढली आणि आत गेलं. खिडकीतूनच परत ओढलं त्याला. मग ते घर सोडून गावात राहायला गेले.

"पण घर रिकामं ठेवलं की तो, जो कोण आहे तो, मागे येतो रे. नव्या घरी आला. पोराच्या खोलीच्या दाराशी. तुम्ही इथे राहायला आलात आणि त्या दिवसापासून बंद झालं."

"विकायचं होतंस दुसऱ्या कुणाला तरी!"

"आले होते लोक. हे का, ते का, कडी बाहेरून का... प्रश्न विचारायचे आणि निघून जायचे." मग त्याने मान वर केली. "तू एकटाच होतास, जो मला काही विचारणार नव्हतास."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. तो हललाही नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं नव्हतं. या माणसाने मला हत्यार धरायला शिकवलं होतं हो!

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं... त्या पावसाळ्यात आईसुद्धा दादाकडेच राहत होती.

मी तिच्यासमोर जाऊन बसलो.

"आई, तुला माहीत होतं?"

तिने पदराचं टोक पिळलं. पाणी ठिबकलं.

"कडी असली की काही होत नाही, म्हणाला होता थोरला. म्हणून तर आले तुमच्याकडे. लक्ष ठेवायला."

"मग मी कडी काढली तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले असते तर त्याचं नाव आलं असतं."

"आणि आज आत का गेलीस? माहीत असून?"

"तो थोरला नाही, हे कळत होतं मला," ती म्हणाली. "पण आवाज त्याचाच होता ना."

मग तिने माझ्या गालाला हात लावला. हात गार होता.

"त्याचं पोर लहान होतं रे. आणि तू समजूतदार. तू निभावून नेशील, वाटलं आम्हाला."

आम्हाला.

म्हणजे बसून ठरवलं होतं दोघांनी. चहा पीत पीत ठरवलं असेल. त्यांनी मला घर शोधून दिलं नव्हतं, घरासाठी मला शोधून काढलं होतं.

आई आता दादाकडे असते. मीच सोडून आलो, फाटकापर्यंत.

आम्ही अजून इथेच आहोत. जाऊन जाणार कुठे? तो मागे येणार. गिऱ्हाईक येतं कधीकधी, नदी बघून खूश होतं. मग दाराकडे बोट दाखवून विचारतं, हे काय? मी खरं ते सांगतो. चहा अर्धा टाकून जातात लोक. बायको म्हणते, "सांगितलंत ते बरं केलंत." आणि मग आत जाऊन रडते.

नवं दार मी सागवानी केलंय. कडी बाहेरून.

काही दिवस शांत गेले.

हल्ली संध्याकाळी पुन्हा आवाज येतो. दादाचा नाही.

आईचा.

पहिल्यांदा आला तेव्हा मी तडक फोन केला. आई दादाकडेच होती, नातवाला भरवत होती. "काय रे, जेवलास का?" म्हणाली. दोन मिनिटं पोराचं कौतुक सांगितलं आणि ठेवला.

मी फोन खाली ठेवला... आणि दाराआडून ती परत बोलली.

"धाकट्या... चुकलं रे माझं. तूही माझंच पोर होतास. तुला सांगायला हवं होतं."

खऱ्या आईने हे एकदाही म्हटलेलं नाही. म्हणणारही नाही, ओळखतो मी तिला. तो कोण आहे तेही मला चांगलं माहीत आहे.

तरी मी रोज दाराशी स्टूल घेऊन बसतो. ऐकत.

काल बायकोने मागून येऊन माझं मनगट घट्ट पकडलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "कडीवरचा हात काढा."