आधारस्वर

मिरजेच्या श्रवणप्रयोगशाळेत मांडणीचे काम नेहमी बिनबोभाट होई. रुग्णाच्या कानामागे 'श्रवणसेतू' बसवायचा, संगणकावरून त्याची मांडणी सुरू करायची आणि चहा प्यायला जायचे. मांडणीचा कार्यक्रम वाटेत थांबून प्रश्न विचारी, पण प्रत्येक प्रश्नासोबत एक ठरीव उत्तरही देई. 'विनाप्रश्न' पद्धत निवडली की तो ठरीव उत्तरे मुकाट घेऊन पुढे सरके. कार्यक्रम इम्तियाज मुल्लाणीने लिहिला होता आणि पद्धतही तोच निवडी. लोकांना प्रश्न आवडत नाहीत, 'पुढे' हे बटण मात्र सगळ्यांना आवडते, हे त्याचे अनुभवाचे बोल.

मुरलीधर सातपुते मात्र अडून बसले. इचलकरंजीत यंत्रमागावर जन्म गेलेला माणूस. मागाच्या खडखडाटाने अर्धे कान नेले, उरलेले एका तापाने. पडद्यावरची अक्षरे वाचून ते बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाले, "इचारल्याबिगर काय बी बसवायचं न्हाई! माग सुरू करायच्या आदी मी धागान् धागा बघून घेत हुतो. हे तर माझं डोस्कं हाय."

इम्तियाजने कपाळाला हात लावला आणि 'सप्रश्न' पद्धत निवडली.

मग मुरलीधर खुशीत आले. भांड्यांचा आवाज कमी करायचा का, या प्रश्नाला त्यांनी सांगितले, "नगं. भांडी कशी आपटत्यात त्यावरनंच घरातलं वारं कळतं." असे बरेच प्रश्न झाले आणि कार्यक्रम एका ओळीवर येऊन थांबला. 'आधारस्वर कोणाचा? ठरीव उत्तर: प्रमाण आवाज.'

"हा प्रश्न मी कधी पाहिलाच नाही," डॉ. मृण्मयी हेर्लेकर म्हणाल्या. श्रवणसेतू बसवण्याची शस्त्रक्रिया त्यांचीच होती.

"कोणीच पाहत नाही, मॅडम," इम्तियाज म्हणाला. "सेतूतून मेंदूकडे जाणारे आपले तंतू थोडे. जगातलं प्रत्येक बोलणं त्यांतून जसंच्या तसं जात नाही. म्हणून आपण मेंदूला एकच आवाज नीट शिकवतो आणि बाकीचे सगळे त्यालाच ताणून, वाकवून बनवतो. कानाजवळचा माइक जे बोलणं पकडेल, ते आधारस्वरातूनच आत जाणार."

"आणि घरच्या माणसाचा आवाज दिला तर?"

"तर तुमच्या, माझ्या, भाजीवाल्याच्या, सगळ्यांच्या बोलण्यात त्या माणसाची छटा येईल. जन्मभर. तंतू मेंदूत रुजले की हा प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. म्हणून तर प्रमाण आवाज मुद्दाम कोणासारखाच ठेवलेला नाही."

हे सगळे त्याने टाइप करून दाखवले. मुरलीधरांनी ते दोनदा वाचले आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केले. "मालन."

मालनबाई पिशवी पोटाशी धरून बसल्या होत्या. नवऱ्याला इथवर ओढून आणणाऱ्या त्याच. जिना चढताना त्यांना तीनदा थांबावे लागले होते, आणि थांबल्या तेव्हा त्यांनी डॉक्टरांना नवऱ्याला आणण्याचे कारणही सांगितले होते. "मी मागाशेजारी सुताच्या कांड्या भरायची. त्या खडखडाटात आवाज काढून उपेग काय? आमी हातानं आन् ओठानंच बोलायचो. ह्यांचे कान गेले, पर आमचं काय अडलं न्हाई बघा. पर ती बोली आता आमा दोघांतच उरलीया. माझं काळीज कवा दगा दील नेम न्हाई. माझ्यामागं ह्यांच्यासंगं कोण बोलणार, बाई?"

आता त्यांना नवऱ्यासमोर बसवले. मुरलीधरांनी ओठ वाचायचे आणि मेंदूने तो आवाज त्या ओठांशी जोडायचा, अशी रीत होती. मालनबाईंनी मान डोलावली. ओठ हलले, हातही हलले. पडद्यावरची आवाजाची रेघ मात्र सपाटच राहिली.

"बोला ना, मालनबाई," डॉक्टर म्हणाल्या.

"बोलले की वो!" त्या वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या. पुन्हा नवऱ्याकडे तोंड केले. पुन्हा ओठ हलले आणि रेघ सपाट.

मालनबाईंचा हात गळ्याशी गेला. चेहरा रडवेला झाला. "ह्यांच्याकडं बघितलं की गळा आपसूक बंद हुतोय. लई वर्सांची सवय."

"तंतू रुजायला लागलेत," इम्तियाज हळूच म्हणाला. "थोड्या वेळात आवाज मिळाला नाही, तर कार्यक्रम ठरीव उत्तर घेऊन मोकळा होईल." आपणच लिहिलेल्या त्या नियमाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

डॉक्टर उठल्या आणि मुरलीधरांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. "मालनबाई, त्यांच्याशी नका बोलू. माझ्याशी बोला, त्यांच्या डोक्यावरून. नवऱ्याबद्दल काही तक्रार?"

"एकच हाय व्हय!"

आणि रेघ उसळली. आमटीत मीठ नसले तरी हा माणूस सांगत नाही, निमूट जेवतो. लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडे टाकतो. भावकीत सगळ्यांपुढे नमते घेतो आणि घरी येऊन कुढतो. मालनबाईंना थांबवणे आता कोणाच्या बापाला जमले नसते. मुरलीधर ओठ वाचत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

"आन् तापात फणफणत पडले, तर मला उठवलं न्हाई! म्हनं, दोन पाळ्या करून आल्तीस, तुजी झोप मोडली आस्ती." मालनबाई डॉक्टरांकडेच बघत राहिल्या. "कान गेले ह्यांचे, बाई. पर माजी झोप मोडली न्हाई."

मुरलीधरांचे हसू थांबले. ते शेवटचे वाक्य बहुधा त्यांना ऐकूही आले असावे, कारण पडद्यावर अक्षरे उमटली होती: 'आधारस्वर स्वीकारला. मांडणी पूर्ण.'

इम्तियाजने पडद्याकडे बोट केले. मग मुरलीधरच हलक्या आवाजात म्हणाले, "झालं का?" आणि दचकून त्यांनी बायकोकडे पाहिले. "तू बोललीस?"

"न्हाई वो. तुमीच बोललासा," मालनबाईंनी नुसत्या ओठांनी सांगितले.

"मालन," त्यांनी म्हणून पाहिले. कान देऊन ऐकले. पुन्हा म्हणाले, "मालन."

इम्तियाजच्या डोक्यात प्रकाश पडला. "मॅडम, त्यांचे स्वतःचे कान निकामी झालेत. त्यांना त्यांचा आवाजसुद्धा माइकमधूनच मिळणार. आपण भाजीवाल्यापर्यंत विचार केला, खुद्द त्यांचा केलाच नाही! मामा, माफ करा, पण आता ते बदलता येणार नाही."

मालनबाईंनी डॉक्टरांकडे पाहिले. "म्हंजे उद्या मी नसले, आन् ह्यांनी रिकाम्या घरात नुसती हाक मारली..."

"तर त्यांना तुमचाच आवाज ऐकू येईल."

मालनबाईंनी पिशवी खाली ठेवली. जिना चढल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी पोटभर श्वास घेतला. मग नवऱ्याकडे तोंड करून, जुन्या सवयीने, नुसत्या हाताने आणि ओठांनी त्या म्हणाल्या, रोज हाक मारायची मला. आळस करायचा न्हाई.

"मारीन," मुरलीधर म्हणाले, आणि ते वचन त्यांना मालनबाईंच्या आवाजात ऐकू आले.