बुटाची पकड

स्टेशनजवळच्या जुन्या स्कीच्या दुकानाच्या जागी आता पडदे मिळत होते. दुसऱ्या दुकानात नुसत्या सायकली. तिथल्या बाई तिला म्हणाल्या, "स्कीचं सामान ना? लॉन्ड्रीच्या मागच्या गल्लीत बघा, एकजण आहे."

एकजण होता. उंच, कानामागे पेन्सिल, हातांना मेणाचा वास. बाहेर बर्फ भुरभुरत होता. तिने तीन वर्षं माळ्यावर पडलेल्या स्की टेबलावर ठेवल्या.

"भाचीला शिकवायचंय. मला नवे बूट हवेत, आणि स्कीवरची ही बूट धरणारी पकड त्यांना जुळवून द्या."

त्याने गुडघा टेकून तिच्या उजव्या पायात नवा बूट चढवला, बकल लावले. मग वर पाहिलं — गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"वजन?"

"अहो, ओळख ना पाळख..."

"मला नको, पकडीला हवंय. तुम्ही पडलात की तिनं बूट सोडला पाहिजे. खरं सांगितलं नाही, तर सोडणार नाही."



"अडुसष्ट. आणि सराव... बेताचा."

"कमाल आहे. इथे येणारे सगळे तरबेज असतात."

"मीही होते, कागदावर. स्टेशनजवळच्या दुकानात तशी खूण केली होती. पडले, बूट सुटला नाही, गुडघा गेला."

त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"ते दुकान बाबांचं," तो सावकाश म्हणाला. "आपल्या हातून एका मुलीचा गुडघा गेला म्हणून त्यांनी ते बंद केलं. तेव्हापासून हत्याराला हात लावत नाहीत."

दार दोन पावलांवर होतं. तिने दाराकडे पाहिलंसुद्धा.

"कुठे असतात ते?"

"आत. शब्दकोडं सोडवतायत."

एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा — ती खडखडत आत गेली. "काका, ती गुडघ्याची मुलगी मी. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी खोटं लिहिलं होतं."

आत खुर्ची सरकली. मग म्हातारा चष्मा पुसत बाहेर आला, मुलाला म्हणाला, "सरक," आणि हात पुढे केला. मुलाने त्यात स्क्रू ड्रायव्हर ठेवला.

निघताना मुलगा तिला दारापर्यंत सोडायला आला.

"रागावलात?" तिने विचारलं.

"हो. तीन वर्षं मी त्यांना तसं बसलेलं पाहिलंय."

"मग... बोला की चार शब्द."

"इथे नको. रविवारी टेकडीवर या. दोन-तीन तास लागतील."

"भाची असेल सोबत."

"असू दे. तिच्यासमोर हळू रागावेन."

"आणि राग नाही संपला, तर?"

"पुढचा रविवार आहेच."

तो राग संपायला अख्खा हिवाळा लागला. दोघांचं लग्न उन्हाळ्यात झालं. तेव्हा बर्फ नसतो आणि दुकानात गिऱ्हाईकही नसतं.