गोऱ्यांच्या विहिरीवरची पाळी

सुशील त्या रात्री फक्त मोटर चालू करायला घराबाहेर पडला होता. गिरिधरकाकांनी इथूनच सुरुवात केली. नागपुरात सक्करदऱ्याच्या त्यांच्या गच्चीवर साडेनऊ वाजले होते, लाईट गेलेले होते, आणि केयूर नि गार्गी या भावाच्या मुलांनी गोष्टीसाठी त्यांच्यामागे लकडा लावला होता. काकांनी आधी दोघांचे मोबाईल उलटे ठेवायला लावले.

"ऐकायचं तर नीट ऐका. मधेच खी खी केलं तर मी खाली जाऊन झोपतो. आणि हा सुशील माझ्या ओळखीचा माणूस आहे, पारशिवनीकडचा. त्याने हे मला एकदाच सांगितलं. पुन्हा विचारलं तेव्हा उठून निघून गेला."

तर, सतरा जानेवारी दोन हजार तेवीस. मंगळवारची रात्र. संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. शेतातली थ्री फेज लाईन, म्हणजे मोटरीची वीज, त्या आठवड्यात रात्री दहा ते सकाळी सहा मिळत होती. शेतकऱ्यालाही झोप लागते हे लाईन देणाऱ्यांच्या गावीच नसतं, ते एक असो. विहीर एक आणि वाटेकरी दोन. दहा ते दोन नत्थूजीची पाळी, दोन ते सहा सुशीलची.

नत्थूजी हा सुशीलच्या वडिलांचा चुलतभाऊ. तीन वर्षांपूर्वीपर्यंत सुशील त्याला काका म्हणायचा, दिवाळीला पाया पडायचा. मग धुऱ्यावरची, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरची, एक बाभूळ कोणी तोडली यावरून बिनसलं, आणि असं बिनसलं की दोन्ही घरांतल्या बायकांचं हळदीकुंकूसुद्धा बंद झालं. नत्थूजी मुद्दाम दोन वाजून वीस मिनिटांपर्यंत मोटर चालवायचा. सुशील मुद्दाम त्याचा पाण्याचा दांड फोडून ठेवायचा. तशी दोघंही माणसं वाईट नव्हती, पण एकमेकांसाठी पुरेशी वाईट होती.

आणि ती विहीर. गावात तिला गोऱ्यांची विहीर म्हणतात. मोठ्या लढाईत, त्रेचाळीस साली, बर्माला जाण्याआधी जंगलाची सवय व्हावी म्हणून गोऱ्यांची एक पलटण तिथे तंबू ठोकून राहिली होती. कोणाला न विचारता शेतं घेतली, उभी तूर कापून टाकली. सुशीलचे आजोबा महादेवराव, घरातले सगळे त्यांना आबाजी म्हणत, तेव्हा आठ वर्षांचे. ते पेरू विकायला तिथे जायचे, आणि पलटणीचा दिवस त्यांना म्हातारपणीही तोंडपाठ होता. साडेपाचला बिगुल. सहाला चहा. मग एक तुकडी पेंचच्या जंगलात, एक खंदक खणायला, एक खेचरांना घेऊन नदीवर. कोण कुठे गेला, किती वाजता परतला, हे सगळं एक चष्मेवाला गोरा तंबूत बसून वहीत लिहायचा. विहिरीत रोज पांढरी पावडर टाकायचे. आणि विहिरीवर रात्रंदिवस एक शिपाई, बंदूक घेऊन. गाववाले पाण्यात विष कालवतील अशी त्यांना भीती होती. बेचाळीसचा राग गावात ताजा होता, तेव्हा भीती अगदीच खोटी नव्हती. दर दोन तासांनी शिपाई बदलायचा. नव्या शिपायाने समोर उभं राहून, मी घेतलं, तू जा, असं काहीतरी म्हटल्याशिवाय जुना जागचा हलायचा नाही. तसा त्यांचा कायदाच होता.

एका रात्री एक वाजता हुकूम आला. अख्खी पलटण लॉऱ्यांत बसून कामठीला गेली, तिथून रेल्वेने पुढे. सकाळी मैदानात नुसती राख. घाईघाईत वहीवाल्याने विहिरीवरचा पहारा उठवला असं लिहून टाकलं आणि विहिरीवर जाऊन सांगायचं राहूनच गेलं. हे पुढे त्यांच्या खानसाम्याकडून गावात कळलं. पहाऱ्यावरचा तो पोरगा शिपाई तिथेच उभा राहिला. गावातले लोक धुऱ्यावरून बघायचे. कोणी जवळ गेलं की तो बंदूक रोखायचा. त्याला भाकरी द्यावी असं कोणाला वाटलं नाही, आणि आबाजी म्हणायचे, वाटलं असतं तरी दिली नसती. चौथ्या दिवशी तो पडला.

तेव्हापासून त्या विहिरीवर एक रीत होती. रात्री पाळी बदलताना दोघांनी समोरासमोर यायचं, एकमेकांच्या तोंडावर उजेड धरायचा, माणूस ओळखायचा आणि मगच पाळी घ्यायची. ती रीत आधी कंदिलाने पाळली, मग टॉर्चने. सुशील आणि नत्थूजीचं भांडण झालं आणि ती मोडली. ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्या तोंडावर टॉर्च कोण मारणार?

त्या रात्री सुशील निघाला तेव्हा त्याची बायको दामिनी जागीच होती. तिला नववा महिना लागला होता. सासू कुहीला लेकीकडे गेलेली, आबाजींना जाऊन दोन वर्षं झालेली. घरात तिसरं कोणी नव्हतं.

"आज नका जाऊ न," ती म्हणाली. "मले बरं नाही वाटून राहिलं."

"गहू ओंबीवर आला हाये. आजचं पाणी चुकलं तं दाणा भरत नाही. फोन खिशातच ठेवतो. तू एक कॉल दे, दहा मिनिटात येतो."

विहिरीजवळ तो पोचला तेव्हा दोनला पाच कमी होते. अंधार गच्च होता, चंद्र उगवायला अजून तासभर अवकाश होता. मोटर बंद. हे नवल होतं, कारण नत्थूजी आपल्या पाळीतला एक मिनिटही सोडणारा नव्हता. सुशीलने टॉर्च पायाखाली धरला होता. विहिरीच्या चौथऱ्यापलीकडे कोणीतरी पाठ करून उभं होतं. ताठ.

सुशीलचं डोकं फिरलं. मोटर बंद करून हा इथे कशाला उभा, माझी पाळीही खाणार का?

"काहून उभा हायेस?" तो म्हणाला. "दोन वाजले. आता पाळी माही. मी घेतली. तू जा घरी."

काकाला त्याने आजवर अरेतुरे केलं नव्हतं. भांडणातही नाही. आज केलं, आणि बरं वाटलं.

तो माणूस थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने एक लांब श्वास सोडला. फार लांब. आणि तो सुशीलच्या अगदी शेजारून निघून गेला. पावलं जड होती, दगडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. अंगाला पांढऱ्या पावडरचा वास. पाण्यात टाकतात तिचा. पावलं गव्हापर्यंत गेली. मग थांबली नाहीत... नुसती ऐकू येईनाशी झाली.

सुशीलने मोटर चालू केली. पाणी आलं. फावडं खांद्यावर टाकून तो दांड उघडायला निघाला, आणि बारा पावलांवर वळून परत आला. काही विसरलो असेन, त्याला वाटलं. पुन्हा निघाला. बारा पावलं. पाय वळले. त्याने वळवले नव्हते.

तिसऱ्यांदा त्याने मोजली. बाराच.

चौथऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वळायचं. परत. थांबावं म्हटलं तर थांबता येत होतं, पण ताठ उभं राहूनच. बसता येत नव्हतं. पाणी चुकीच्या बांधीत, भलत्याच वाफ्यात भरत होतं. ते त्याला दिसत होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"अहो... पाणी गेलं माहं. लवकर या."

"आलो."

तो पळाला. बारा पावलं. वळला. पुन्हा पळाला. धुऱ्यावरच्या दगडाला धरून त्याने स्वतःला पुढे खेचलं. बोटं सोलली. पाय वळले.

"तुम्ही येऊन राहिले न?" फोन चालूच होता. "असे काहून हापून राहिले? काही झालं का? मी येऊ का तिकडं?"

"येऊ नको." तो ओरडला. "दामिनी, इकडं यायचं नाही. शपथ हाये तुले."

तिच्या कण्हण्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

आबाजींनी सांगितलेलं सगळं सुशीलला तेव्हा कळलं. कोणीतरी यायला हवं होतं. येऊन म्हणायला हवं होतं. गावात चारशे माणसं होती, आणि घरात दामिनी एकटी जमिनीवर पडली असेल. त्याने फार विचार केला नाही. तीन वर्षांत न लावलेला नंबर लावला.

"थंडी वाजून आली म्हणून साडेबारालेच घरी आलो मी," नत्थूजी झोपेत गुरगुरला. "तुले काय करायचं?"

"काका, दामिनीचे दिवस भरले. तिचं पोट दुखून राहिलं. मले घरी जायचं हाये."

"मंग जा न. मले काहून सांगून राहिला?"

"मोटर बंद होऊन नाही राहिली. इथं कोणी तरी पायजे."

मोटर बंद होत होती. स्टार्टर त्याच्या हाताखालीच होता.

फोनमधून खाट करकरल्याचा आवाज आला.

"येतो," नत्थूजी म्हणाला.

आला तो अंगात ताप, डोक्याला मफलर आणि तोंडाने बडबड करत. बाभळीपासून सुरुवात करून त्याने सगळं उकरून काढलं. पण समोर आल्यावर टॉर्च वर केला आणि सुशीलच्या तोंडावर धरला. रीत त्याच्या हातात होती, भांडणाने ती गेली नव्हती. उजेडात सुशीलचा चेहरा त्याने पाहिला आणि बडबड थांबली.

"रडून काहून राहिला गा लेका?" तो म्हणाला. "पळ. आमच्या घरून कौसल्याले घेऊन जा संग, तिले माहीत हाये सगळं. इथली काळजी नको करू."

सुशीलने तोंड उघडलं. सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"जा," नत्थूजी म्हणाला. "आता पाळी माही समज. मी घेतली."

सुशीलचे पाय हलके झाले.

तो पळत सुटला. बारा पावलं. तेरा. चौदा. मागे मोटर चालू होती... आणि मोटरच्या आवाजाखाली पावलं. एक टोक. वळण. दुसरं टोक.

त्याने मागे पाहिलं नाही.

कौसल्याकाकू अंगावर शाल घेऊन निघाल्या, तीन वर्षांचा अबोला दारातच टाकून. ऑटो मिळाला. पारशिवनीच्या दवाखान्यात पाच चाळीसला दामिनीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

"त्यायले फोन लाव," कौसल्याकाकू म्हणाल्या. "लेक झाली म्हणा."

सुशीलने फोन लावला. वाजत राहिला. सहाला लाईन गेली असेल, मोटर आपोआप बंद झाली असेल, हे त्याला माहीत होतं. माणसाचं काय होतं, तेही माहीत होतं. कोणाला पाठवता आलं असतं. पण जो जाईल तो काय बोलेल, याचा नेम नव्हता. त्याने कोणालाच पाठवलं नाही. मुलीला मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला.

आठ वाजता एका गुराख्याला नत्थूजी चौथऱ्याजवळ पालथा पडलेला दिसला. थंडीने हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. तसंच लिहिलं गेलं.

तेराव्याच्या जेवणानंतर कौसल्याकाकूंनी सुशीलला मागच्या अंगणात बोलावलं. त्यांच्या हातात एक पिशवी होती. त्यातून त्यांनी नत्थूजीच्या रबरी चपला काढून जमिनीवर ठेवल्या. संक्रांतीच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेल्या. त्याने त्या रात्री पहिल्यांदा घातल्या होत्या.

"घरून विहिरीपर्यंत पाच मिनिटं लागतात गा," त्या म्हणाल्या. "हे रातभर कुठं चालले?"

चपला मीही पाहिल्या आहेत, गिरिधरकाका म्हणाले. टाचा आरपार झिजून भोकं पडलेली, पुढची कड कागदाएवढी उरलेली. आणि पट्ट्यावर दुकानाचं स्टिकर अजून कोरं चिकटलेलं होतं.