काचेमागे दीड हात

'समवाटा' या संकेतस्थळाच्या सांगलीतील प्रयोगशाळेत एका शुक्रवारी सकाळी एक माणूस यंत्र असल्याचे सिद्ध झाले.

"मॅडम, हा आलेख बघा," अभियंता रफीक मुजावर म्हणाला. "दिनकर सोनटक्के, मिरज, वय शहात्तर. चार वर्षांत यांचं अवधान चौऱ्याण्णव टक्क्यांच्या खाली आलेलं नाही. पंपाची जाहिरात असो नाहीतर लंगोटाची!"

डॉ. मृण्मयी टिळेकरांनी चष्मा वर सरकवला. समवाटाचा अवधानमापक त्यांनीच घडवला होता. फोनच्या कॅमेऱ्यातून तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोजी आणि ज्याने जितके मन लावले, त्या प्रमाणात जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा त्याच्या खात्यात टाकी. मन न लावता पैसे मिळवण्याची सोय फक्त संचालक मंडळाला होती.

"आणि वीटवक्र? कंटाळा कधी सुरू होतो?"

"तो नाहीच, मॅडम. एकच जाहिरात नवव्यांदा दाखवली की तिच्यात काम केलेल्या नटाचंसुद्धा लक्ष उडतं. यांचं उडत नाही. कॅमेऱ्यापुढे रबरी डोळे मांडून ठेवलेत, दुसरं काय?"

खाते बंद करण्यापूर्वी प्रत्यक्ष भेट घ्यावी, असा नियम होता. दुपारी दोघे मिरजेला पोचले. सोनटक्क्यांचे डोळे अस्सल होते. एकाचे तर मोतीबिंदूचे ऑपरेशनही झालेले होते. फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आणि समोरच्या सोफ्यावर नवराबायको शेजारी शेजारी, फोटो काढायला बसावे तसे.

मृण्मयींनी नजरमापी लावली. दोन्ही डोळ्यांच्या रेषा जिथे मिळतात, तिथे माणूस पाहत असतो. गॅसच्या शेगडीची जाहिरात सुरू झाली. रेषा पडद्यावर मिळाल्याच नाहीत. त्या मिळाल्या काचेच्या मागे, दीड हातावर.

सोनटक्क्यांच्या पत्नी शालनताई चहा करायला आत गेल्या. तेवढ्यात अवधान एकदम अकरा टक्क्यांवर उतरले.

"आजोबा," मृण्मयींनी हळूच विचारले, "काचेत आजी दिसतात ना?"

सोनटक्के चोरी पकडल्यासारखे कानापर्यंत लाल झाले.

"एकोणीस माणसांचं घर होतं आमचं, बाई. वडीलधाऱ्यांसमोर बायकोकडे बघायचं नसे. पुढे घर रिकामं झालं, पण बघायची सवय कशी लागणार? सरळ बघितलं की ही विचारते, शर्टाला काही लागलंय का." त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज आणखी खाली आणला. "पैसे परत घ्या, पण खातं ठेवा. तेवढ्या निमित्ताने ती दोन तास शेजारी बसते. नाहीतर ती आत, मी बाहेर."

रफीकने नियमावली चाळली. जाहिरात सोडून बायकोकडे पाहण्यासाठी तिच्यात रकाना नव्हता.

"खातं बंद करावं लागेल," मृण्मयी म्हणाल्या. "पण फोन बंद असला की काच जास्त चांगला आरसा होते."

"बंद फोनपुढे बसायला ती काय खुळी आहे?"

मृण्मयींनी फोनच्या काचेकडे पाहिले. अवधानमापक खातेदाराखेरीज कोणाचे डोळे मोजत नसे. पण प्रकाशाचे तसे नाही. तो ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने उलटही जातो. काचेत ज्याला ती दिसते, तो तिलाही दिसणारच.

शालनताई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, ते चहावर धरलेल्या सायीवरून कळत होते.

"बंद फोनपुढे रोज बसतेय की मी," त्या म्हणाल्या. "मुद्दाम चार्जिंगला लावत नाही. बॅटरी संपते, आणि यांना वीस-वीस मिनिटं पत्ता नसतो."

सोनटक्के आ वासून पाहत राहिले. या वेळी सरळ.

ट्रे खाली ठेवून शालनताई त्यांच्या शेजारी बसल्या. "खातं खुशाल बंद करा, बाई. ते जाहिरातवाले मधेमधे फार येतात."