सुकट कुठल्या खाडीची?

"ही सुकट कुठली?"

खोडाळ्याच्या बाजारात मी हे विचारलं तेव्हा माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारची भाजीवालीही वळून बघायला लागली.

विकणारा माझ्याच वयाचा होता. मापट्यानं सुकट ओतता ओतता त्यानं मान वर केली... आणि हसला.

"समुद्रातली, मॅडम. डोंगरात अजून उगवत नाय."

"कुठल्या खाडीची, ते विचारतेय!"

त्यानं नाव सांगितलं आणि मी हातातली सुकट परत टोपलीत टाकली.

त्याच खाडीच्या तोंडाशी मी वर्षभर खडकांवरचे स्पंज गोळा करत होते, कॉलेजच्या प्रकल्पासाठी. स्पंज हा समुद्रातला प्राणी, पण जागचा हलत नाही. दिवसभर पाणी आत घेतो, गाळतो, सोडून देतो. पाण्यात शिसं असलं तर ते त्याच्या अंगात साठत जातं. कारखान्याच्या नाल्याजवळच्या स्पंजात लांबच्या खडकांपेक्षा नऊपट शिसं निघालं होतं. आणि आमचे सर म्हणाले होते, "चैती, नाल्याजवळची ती तीन ठिकाणं अहवालातून काढून टाक. उगाच वाद नको." त्या रागातच मी घरी, खोडाळ्याला आले होते.

हे सगळं मी त्या सुकटवाल्याला भर बाजारात ऐकवलं. त्याची गिऱ्हाईकं पांगली.

"झालं समाधान?" आता तो हसत नव्हता. "स्पंज तपासलात. सुकट तपासलीत?"

नव्हती तपासली.

"मग ही न्या." त्यानं पिशवी भरून माझ्या हातात कोंबली. "आणि निघंल ते खरं खरं सांगा. मुकेश नाव माझं. दर बाजाराला इथंच असतो."

तपासणीला तीन आठवडे लागले. मधल्या एका रविवारी मी खाडीवर होते, तेव्हा तो स्वतःच किनाऱ्यावर आला, स्पंज बघायला म्हणून. ओहोटी होती, खडक निसरडे. त्यानं हात पुढे केला, मी धरला... सपाट खडकावर पोचल्यावरही सोडायचं दोघांना सुचलं नाही.

"हा होय!" खडकाला चिकटलेला नारिंगी गोळा बघून तो म्हणाला. "तुमच्यासारखाच आहे. सगळं आत साठवतो."

"मी कुठं साठवते? भर बाजारात ओरडले की तुमच्यावर!"

"ते सुकटीबद्दल," तो हळूच म्हणाला. "बाकीचं...?"

मी पुढच्या खडकाकडे वळले, त्याचा हात न सोडता.

सुकटीतही शिसं निघालं. खाण्यात चालतं त्याहून कितीतरी जास्त. मुकेशनं कागदावरचा आकडा दोनदा वाचला.

"माझ्या बहिणीची पोरं हीच खातात गं," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'गं' म्हणाला.

पुढच्या बाजारात त्यानं त्या खाडीचा माल आणलाच नाही. रिकाम्या टोपलीपाशी उभा राहून येईल त्याला तो कारण सांगत राहिला.

मग आम्ही एका सरकारी ऑफिसात गेलो. कुठलं, ते सांगत नाही. साहेबांनी अहवाल उघडलासुद्धा नाही.

"समुद्र आमच्या हद्दीत येत नाही."

"समुद्र नाय येत, साहेब," मुकेश म्हणाला. "त्याची सुकट येते. तुमच्या हद्दीतली पोरं नागलीच्या भाकरीबरोबर ती खातात."

"ठेवून जा कागद. बघू."

बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि ओढणीनं डोळे पुसले.

"रडू नको."

"रडत नाहीये! चिडलेय!"

"माहीत आहे." तो शेजारी बसला. "इथं कुणी चिडतच नाय, चैती. पोरं आजारी पडतात, माणसं नशीब म्हणतात. तू त्या दिवशी चिडलीस ना... तेव्हाच वाटलं, हिच्यासोबत राहावं. जन्मभर."

"जन्मभर चिडत राहीन मी."

"चालंल."

"तुझ्यावरसुद्धा!"

"त्याची सवय झालीय."

मला हसू आलं. त्या रागातही आलं.

"आधी पोच," मी उठत म्हणाले. "शिक्का घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही."

आम्ही पुन्हा आत गेलो. कारकून जेवायला गेला होता. तासभर बाकावर बसून राहिलो. अहवालात तिन्ही ठिकाणं होती. सरांची सही नव्हती, फक्त माझी होती. शेवटी कारकून आला, कुरकुरला, आणि आमच्या प्रतीवर त्यानं शिक्का मारला.

"हो," मी मुकेशला म्हणाले.

"काय हो?" कारकुनानं मान वर केली.

"काय नाय, साहेब," मुकेश म्हणाला, कानापर्यंत लाल होत. "आमचं लग्न ठरलं."